पलीकडच्याचं सांग

जिंकलेल्या खटल्याचा पेढा न खाणारा वकील मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका त्याच्याच हाताखाली जाऊन पडलो. अंबाजोगाईच्या कोर्टात आम्हा ज्युनिअरांचं अर्धं जेवण तेव्हा पक्षकारांच्या पेढ्यांवर व्हायचं. आमच्याकडे मात्र निकाल आपल्या बाजूने लागला की म्हातारा खिशातून ओव्याची डबी काढायचा, थोडा ओवा दाढेखाली धरायचा आणि पेढ्याचा पुडा पुढे करणाऱ्या पक्षकाराला म्हणायचा, "हे आधी पलीकडच्याच्या घरी नेऊन दे. त्यानं एक खाल्ला की मग मला आण."

पलीकडचा म्हणजे हरलेला. नुकताच बांध गमावून बसलेला माणूस जिंकलेल्याचा पेढा कशाला खाईल? म्हणजे आमच्या ऑफिसात पेढा म्हणून नाहीच. एकदा एका पक्षकाराने वैतागून पुडा टेबलावर टाकला आणि तो निघून गेला. मी त्यातला एक उचलला, फायलींच्या कपाटाआड जाऊन खाल्ला आणि चेहरा सरळ ठेवून बाहेर आलो. मिशीने घात केला. म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, "कुणाच्या हरण्याचा खाल्लास बे?"

तो पेढा मला अजून पचलेला नाही.

लोक म्हणायचे, म्हातारा भित्रा आहे. खोटं नव्हतं. खेड्यात कुणाच्या घरी गेले की ते चपला रस्त्याकडे तोंड करून काढायचे. मी एकदा विचारलं, कावून? तर म्हणाले, "निघायची येळ आली तर वळण्यात टाइम जाऊ नये." एसटीत दारालगतची सीट. आणि ओवा. ओव्यावरून आम्हाला खटल्याचं वजन कळायचं. मोजणीच्या साध्या अर्जाला चिमूटभर, भावकीच्या दाव्याला तळहातभर, आणि दोन समाजांमधल्या जमिनीचा दावा आला की डबी थेट तोंडाला लागायची.

खटला हरण्याची त्यांना भीती नव्हती. भीती होती जिंकण्याची. "हरलं तर अपील हाय," ते म्हणायचे. "जिंकल्यावर काय हाय? दुसऱ्या दिवशी आपल्या माणसाला त्याच हापशावर घागर घिऊन जायचंय, अन् रांगेत पुढं पलीकडच्याची बायको उभी हाय. तिथं काय बेलिफ न्यायचा का संगट?"

नवा पक्षकार आला की ते त्याचं काहीही ऐकून घेण्याआधी दोन गोष्टी विचारायचे. पहिली, "आधी कोण हरलंतं?" ह्या जमिनीवरून पूर्वी कधी खटला झाला का, आणि झाला असेल तर कोण हरलं. "जिंकलेल्याला काई आठवत न्हाई, हरलेल्याच्या नातवालाबी समदं आठवतं," असं त्यांचं म्हणणं. जुन्या निकालांना ते 'थोरला' म्हणायचे, घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणावं तसं. "थोरला काय म्हणतो ते आधी बघ. त्याला न इचारता आपण तोंड उघडायचं न्हाई." निजामाच्या काळातले थोरले उर्दूत असायचे. म्हाताऱ्याचे वडील त्या काळातले वकील, त्यामुळे उर्दू त्यांना घरातूनच मिळालं होतं. ते असा निकाल मोठ्याने वाचायला लागले की बाहेर ओट्यावर बसलेले पक्षकारसुद्धा टोप्या सरळ करायचे.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. "आता पलीकडच्याचं सांग." म्हणजे समोरच्याची बाजू तुझ्या तोंडाने मला सांग, आणि अशी सांग की मला ती खरी वाटली पाहिजे. नाही सांगता आली तर केस नाही. पाटोद्याकडचा एक माणूस विहिरीच्या पाळीवरून चुलतभावावर दावा लावायला आला होता. त्याने चुलतभावाची बाजू सांगायला सुरुवात केली ती शिव्यांनी, पण सांगता सांगता त्याचा आवाज उतरत गेला. मग म्हणाला, "साहेब, त्येचंबी काई खोटं न्हाई की." आणि उठून गेला. मी वकीलपत्र लिहून तयार ठेवलं होतं. सहीपुरती जागा कोरी राहिली आणि म्हातारा दिवसभर खुशीत.

आता विसाव्याच्या माळाचं सांगतो, कारण त्यात माझी हुशारी आहे, आणि माझी हुशारी जिथे जिथे आहे तिथे तिथे लोकांची झोप उडालेली आहे.

घाटनांदूरच्या पुढे एक गाव आहे. गावाच्या कडेला दर्गा, दर्ग्यामागे माळ. भैरोबाची पालखी निघाली की ह्या माळावर टेकते, म्हणून हिंदू त्याला विसाव्याचा माळ म्हणतात. दर्ग्यातल्या बाबाचा उरूस इथेच भरतो, म्हणून मुसलमान त्याला उरसाचं मैदान म्हणतात. निजामाच्या काळात गावच्या एका पाटलाने दर्ग्याच्या मुजावरावर ह्याच माळासाठी दावा लावला होता. थोरला म्हणाला: जमीन दर्ग्याच्या सेवेची, मुजावराच्या ताब्यात राहील; पण पालखी दरसाल तिथेच टेकेल, आणि पालखीच्या माणसांना पहिलं पाणी मुजावराने द्यायचं. पाटलाचे वकील होते आमच्या म्हाताऱ्याचे वडील.

"वडील घरी आले अन् म्हणाले, आज दोघंबी तोंड पाडून गेले. आता गावाला झोप लागंल," म्हातारा सांगायचा. "अन् खरंच लागली. अर्धा हा हरला, अर्धा तो. म्हणून टिकला थोरला."

मग माळाच्या कडेने मोठा रस्ता आला, आणि त्याच्या मागोमाग गावातला एक तरणा पुढारी आमच्या ऑफिसात आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. त्याला माळावर दुकानांचे गाळे काढायचे होते, आणि त्यासाठी माळ गावचा आहे असं कोर्टाकडून वदवून घ्यायचं होतं.

"आधी कोण हरलंतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मला काय म्हाईत? तवा मी न्हवतो जल्मलो."

"बरं. आता पलीकडच्याचं सांग."

"त्येंचं काय सांगायचं? माळ गावचा हाय, ते बसलेत. झालं."

"नापास," म्हातारा म्हणाला आणि वर्तमानपत्र उचललं.

इथे मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट घडली नसती आणि मला दोन-तीन वर्षं पित्ताच्या गोळ्या लागल्या नसत्या. पण म्हातारा सारखा त्या थोरल्याचं सांगायचा, म्हणून आदल्याच आठवड्यात मी तो कुणाकडून तरी वाचून घेतला होता आणि मला त्यात एक फट दिसली होती. फट दिसली की बोट घालायचं हा माझा लहानपणापासूनचा आजार. मी म्हणालो, "पण साहेब, तो निकाल पाटील आणि मुजावर ह्या दोघांतला आहे. तो त्यांना आणि त्यांच्या वारसांना बांधतो. गाव त्या दाव्यात कधी नव्हतंच. मग उद्या गावातर्फे दुसऱ्या कुणी नवा दावा लावला, तर थोरला कसा आडवा येईल?"

पुढाऱ्याने दोन्ही फोन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी मोठा वकील दिसत होतो. म्हाताऱ्याने डबी काढली. ती थेट तोंडाला लावली.

"कायद्यानं बरोबर हाय ह्याचं," ते शेवटी म्हणाले. "म्हणून तर भ्या वाटतं."

"मग घेता का केस? का दुसरा वकील बघू?" पुढारी म्हणाला.

"दुसरा नको. दुसऱ्याला एवढं भ्या वाटायचं न्हाई." माझ्याकडे मान करून म्हणाले, "ह्येच्याकडं दे. फट ह्येनं दाखवली, आता ह्योच बुजवंल न्हाईतर ह्योच पडंल तिच्यात."

दावा दाखल झाला. पुढारी आणि त्याचे तिघे दोस्त वादी, 'समस्त गावकऱ्यांतर्फे'. सोबत मनाई हुकमाचा अर्ज, कारण उरूस जवळ आला होता आणि ह्या वर्षीपासून तो माळावर भरू नये अशी पुढाऱ्याची मागणी. अर्जाच्या सुनावणीची तारीख उरसाच्या तोंडावर पडली. बातमी गावात गेली आणि गाव बदललं. मी कागदपत्रांसाठी गेलो तेव्हा हॉटेलात दोन समाजांची दोन टेबलं झाली होती. पूर्वी तिथे एकच लांब बाकडं होतं. चहावाल्याने ते मधून कापून घेतलं होतं म्हणे. ते करवतीने कापलेलं टोक मी बोटाने चाचपून पाहिलं.

एके दिवशी दर्ग्याचे आताचे मुजावर चाचा ऑफिसच्या ओट्यावर येऊन बसले. ते प्रतिवादी, त्यांचा वकील वेगळा. आम्ही त्यांच्याशी केसबद्दल बोलायचं नाही, हा रिवाज. ते म्हाताऱ्याच्या बरोबरीचे, थोरल्याच्या वेळी दोघांचे बाप एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिलेले.

"वकीलसाब, मैं कुछ पूछने नै आया," चाचा म्हणाले. "सिर्फ इतना बोलो, उरूस होंगा ना?"

म्हाताऱ्याने डबी पुढे केली. चाचांनी ओवा घेतला. दोघं शेजारी बसून ओवा चावत राहिले आणि मी आत टायपिंगचा आवाज उगाच मोठा करत राहिलो. जाताना चाचा मला म्हणाले, "बेटा, पानी के मटके हर साल मैं भरता. इस बार भरूं के नको, वो भी तारीख पे कळेंगा क्या?"

मी म्हाताऱ्याला विचारलं, काय होईल? ते म्हणाले, "तुजा अर्ज मंजूर झाला तर उरूस बंद. उरूस बंद झाला की पालखीला पाणी बंद. मग पहिला दगड कोण मारतो तेवढंच बघायचं."

आता माझी दुसरी हुशारी. गावातर्फे दावा लावायचा तर गावातल्या सगळ्यांना कळवावं लागतं. कोर्टाने जाहीर नोटीस द्यायला सांगितली. पुढारी म्हणाला, "लांबच्या एखाद्या पेपरात द्या बारीक अक्षरात. गावात कोन वाचतंय?" दिली. पण मला वाटलं, उद्या कुणी म्हणालं आम्हाला कळलंच नाही, तर माझा सुंदर निकाल कच्चा राहील. निकाल कसा पोलादी पाहिजे. म्हणून मी गावात दवंडीही द्यायची ठरवलं. बन्सी नावाचा हलगीवाला गाठला. नोटिशीची भाषा त्याला जमेना, म्हणून मीच त्याला सोप्या बोलीत वाक्य घडवून दिलं: "विसाव्याच्या माळाशी ज्येचा ज्येचा काई संबंध हाय, त्यानं तारखेला कोर्टात यावं हो. जो येनार न्हाई, त्येचा हक्क कायमचा बुडंल."

शेवटचं वाक्य घालायची काही गरज नव्हती. ते मला शोभून दिसतं असं वाटलं.

ह्या भागात जत्रा आणि उरूस म्हणजे मानांची उतरंड असते हे मला माहीत होतं. पण वकिली डोक्यात शिरली की माणूस आईच्या तोंडून ऐकलेलंही विसरतो. पालखीवर पहिली छत्री धरायचा मान एका घराचा, पहिला नारळ दुसऱ्याचा, उरसाच्या दिव्याला तेल घालायचं तिसऱ्याने. मान म्हणजेच हक्क. आणि बन्सी सबंध गावात हलगी कडाडवत सांगून आला होता की तारखेला जो येणार नाही त्याचा हक्क कायमचा बुडेल.

तारखेच्या सकाळी कोर्टाच्या आवारात टेम्पो यायला लागले. एक, मग दुसरा, मग ट्रॅक्टर. बायका, म्हातारे, भाकरीची गाठोडी. दोन्ही समाजांचं गाव होतं नव्हतं तेवढं उतरलं. फाटकावरच्या पोलिसाने फोन लावला आणि थोड्या वेळात जादा गाडी आली. दोन जमाव, मधे लिंबाचं झाड, आणि एखाद्याने नुसती शिंक जरी वेगळ्या सुरात दिली असती तरी पुढचं कुणाच्या हातात नव्हतं. पुढारी माझ्या कानाशी येऊन दात खात म्हणाला, "वकील, हे काय करून ठिवलं?" मी म्हणालो, "नोटीस बजावली." म्हाताऱ्याची डबी रिकामी झाली होती. ते नुसतंच दाढ चावत होते.

पुकारा झाला. जजमॅडम तरुण होत्या. दारात तुंबलेली गर्दी बघून त्यांनी विचारलं, "ही सगळी मंडळी कोण?"

मी उठलो. म्हणालो, "संबंधित आहेत, मॅडम."

"सगळी?"

"दवंडीत तसं सांगितलं होतं."

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, आलेच आहेत तर शांतपणे एकेकाने सांगावं. पहिला पुढे आला तो हिंदू तेल्याच्या घरातला एक आजोबा. "माजा हक्क लिहून घ्या बाई. उरसाच्या पयल्या दिव्याला तेल आमच्या घरचं. आजापासून."

"उरूस भरू नये असा ह्या मंडळींचा अर्ज आहे," मॅडम म्हणाल्या.

तेली गोंधळला. "मग तेल कुटं घालू?"

त्याच्या मागे एक मुसलमान शिंपी. पालखीच्या गादीची खोळ दरवर्षी तो शिवतो. माप दुसऱ्या कुणाला माहीत नाही. मग पाणी वाहणाऱ्या पोरी, पहिल्या नारळाचा मानकरी, उरसात कुस्त्या लावणारा वस्ताद. जो तो आपला मान सांगत होता, आणि जो तो मान पलीकडच्याच्या सणात अडकलेला होता. माझ्या पाठीमागून म्हातारा कुजबुजला, "ऐक. पलीकडच्याचं सांगायलेत. कुणी न इचारता." त्यांनी माझा कोट घट्ट धरून ठेवला होता.

मग एक नऊवारीतली बाई पुढे आली. पुढारी खाली बघायला लागला. त्याची आई होती.

"माजा मान मोटा न्हाई," ती म्हणाली. "उरसाच्या दुसऱ्या दिशी मुजावराच्या घरला पुरनपोळी आमच्याकडून जाती. माज्या सासूनं मला लावून दिलं. मी सुनंला लावून देनार हाय." मग मुलाकडे वळून म्हणाली, "दवंडी आयकली अन् काळजात धस्स झालं बग. म्हनलं कोन मेला आपला हक्क बुडवायलाय. कोन हाय रं त्यो?"

कोर्टात कुणी हसलं नाही. तेच बरं झालं. हसले असते तर पोरगं हट्टाला पेटलं असतं.

मॅडमनी तडजोड सुचवली. थोरला म्हणतो तेच दोन्ही बाजूंना मान्य आहे असं लिहून द्या, म्हणजे सबंध गावाला बांधणारा निकाल होईल. म्हातारा माझ्या पाठीत बोटं खुपसत होता, हो म्हणायला लाव, हो म्हणायला लाव त्याला. पण पुढारी तेवढा वाकायला तयार नव्हता. म्हणाला, आम्ही दावा मागे घेतो. गावातर्फे लावलेला दावा मागे घ्यायचा तर पुन्हा सगळ्या गावाला कळवावं लागतं, असा कायदा आहे. मॅडमनी दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्याची आता गरज दिसत नाही."

उरूस झाला. चाचांनी मटके भरले, पालखी टेकली. बाकडं मात्र कापलेलंच राहिलं.

कोर्टातून परतताना म्हातारा मिठाईच्या दुकानापाशी थांबला. "पेढे घे," म्हणाला. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "घे बे. आज कुणीच जिंकलं न्हाई." रस्त्यातच उभ्याने त्यांनी दोन पेढे खाल्ले, मिशी पुसली, आणि तिथेच त्यांचा चेहरा पुन्हा पडला.

"मागं घेतलेला दावा मंजी निकाल न्हाई," ते म्हणाले. "फट हाय तशीच हाय. तुजी चूक झाली म्हणून गाव वाचलं. उद्या दुसरी चार नावं घिऊन कुणी तुज्याहून हुशार येईल. तो काई दवंडी द्यायचा न्हाई."

हे त्यांनी मला मरेपर्यंत ऐकवलं. शेवटी सरकारी दवाखान्यात होते तेव्हाही, त्यांच्या चपला कॉटखाली दाराकडे तोंड करून ठेवलेल्या, आणि मी भेटायला गेलो की पहिला प्रश्न, "पेपर बघितलास का?" तेव्हापासून मी वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचतो. बारीक टायपातल्या जाहीर नोटिसा, हरवलेले दाखले, बदललेली नावं. बायको म्हणते, लोक राशिभविष्य बघून घाबरतात, तुम्ही हे बघून.

परवा सकाळी त्या बारीक टायपात मला घाटनांदूरच्या पुढच्या त्या गावाचं नाव दिसलं. खाली माळाचा गट नंबर. वादी निराळे, वकील बाहेरगावचा, 'समस्त गावकऱ्यांतर्फे', आणि तारीख उरसाच्या तोंडावर. पेपर लांबच्या शहरातला.

मी ओव्याची डबी शोधली. हो, ती आता माझ्याकडे असते. मग बन्सीला फोन लावला. तो आता म्हातारा झालाय, हलगी त्याचा मुलगा वाजवतो. त्याने माझा आवाज ओळखला.

"काय साहेब, पुन्ना दवंडी का?"

"पुन्हा. वाक्य आठवतं का?"

"त्ये इसरनार का? सबंध गाव येड्यावानी पळालतं."

"तेच म्हण. शेवटच्या ओळीसकट."

"बरं. आन् सुरवात कुटून करू, देवळापासून?"

माझ्या दाढेखाली ओवा होता. तो मी गालात सारला.

"नाही," मी म्हणालो, "पलीकडच्या आळीपासून कर."